तळटीप क्रमांक सात

८ जानेवारी

या सत्रात परीक्षा नाही, ब्लॉग आहे. संशोधनपद्धतीच्या बाईंनी आज वर्गात जाहीर केलं की प्रत्येकाने एक विषय घ्यायचा, दर आठवड्याला त्यावर एक लेख इंटरनेटवर टाकायचा, आणि वीस गुण त्याचे. मी हात वर करून 'उच्च शिक्षणातली स्त्री-पुरुष समता' घेतला. मागच्या बाकावरून कोणीतरी "झालं" म्हणालं. ब्लॉगचं नाव ठेवलंय 'अर्धं बाक'.

बाईंचा दंडक एकच. संदर्भाशिवाय एक ओळ चालणार नाही. कुठे वाचलं, कोणाकडून ऐकलं, कधी, सगळं तळटिपेत हवं. उगम नसलेलं विधान म्हणजे जिन्यातल्या गप्पा, असं त्या म्हणतात आणि तळटीप चुकली की अर्धा गुण कापतात.

घरी आल्या आल्या वहिनीला सांगितलं. ती माझ्याच विद्यापीठात बियाण्यांवरच्या बुरशीवर पीएच.डी. करते, हे सहावं वर्ष. ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. "छान विषय आहे वन्सं," म्हणाली, "तेवढी ती परात इकडे द्या." वन्सं ती मला फक्त चिडवायला म्हणते. मी परात दिली आणि खोलीत जाऊन लिहायला बसले.

१९ जानेवारी

दोन लेख झाले. कुठल्या विभागात किती प्राध्यापक बायका, किती मुली पदवीनंतर गळतात, मुलींचं स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर. तळटिपा चोख. वाचक सहा. त्यांतली एक मी, एक दादा, आणि दादाने दोनदा उघडलं असेल तर प्रश्नच मिटला.

बाईंचा शेरा आला: "माहिती आहे, माणूस नाही." फार लागलं. जेवायला तीन हाका झाल्यावर उठले. अन्न गार झालं होतं, वहिनीने परत गरम करून दिलं. मी तिला म्हटलं, तुला काहीच अनुभव नाही का गं, बाई म्हणून? सहा वर्षं प्रयोगशाळेत आहेस. ती म्हणाली, "माझा प्रबंध एकतीस मार्चच्या आत जायचाय. अनुभव घ्यायला वेळ कुठाय?" तिच्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली आहे, तिसऱ्यांदा वाढत नाही. प्रबंध लिहून झालाय. आता फक्त गाईडची सही.

२३ जानेवारी

घराची चावी विसरले म्हणून दुपारी वहिनीकडे गेले. ती मायक्रोस्कोपच्या खोलीत होती. तिथे आत जाणाऱ्या प्रत्येकाने दारातल्या वहीत वेळेसकट सही करायची असते. शिपाईकाका त्या बाबतीत कुलगुरूंनाही सोडायचे नाहीत. मी सही केली आणि कामाच्या रकान्यात 'चावी' लिहिलं.

वहिनी एकटीच होती, मांडीवर एका संशोधन-पत्रिकेचा अंक, डोळे लाल. मला वाटलं मायक्रोस्कोपमुळे. विचारल्यावर आधी काही नाही म्हणाली आणि मग एकदम सांगतच सुटली. साठवलेल्या बियाण्यात बुरशी नेमक्या कुठल्या आठवड्यात उठते, हे तिने चार वर्षं रोज मोजून शोधलं. तो सगळा शोध या अंकात छापून आलाय. पहिलं नाव गाईडचं, दुसरं आठ महिन्यांपूर्वी आलेल्या एका मुलाचं. वहिनीचं नाव शेवटच्या पानावर, आभारांत, 'काटेकोर मोजणीबद्दल'. ती गाईडकडे गेली तर तो म्हणे अगदी मायेने बोलला. तुमच्यामागे मिळवता नवरा आहे, त्या पोराला नोकरी लागायचीय. आणि परिषदा आल्या की तुम्ही घर सोडून कुठे फिरणार?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार कर म्हटलं. ती म्हणाली, "आधी पदवी हातात पडू दे." तोवर गप्प बसणार? "हो," म्हणाली आणि पर्समधून चावी काढून दिली.

संध्याकाळी ती नेहमीसारखी स्वयंपाकाला लागली. मी दार लावून तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून काढलं, शब्द विसरायच्या आत. कोणाला सांगू नकोस असं ती म्हणाली नाही. हे मी मुद्दाम आठवून पाहिलं.

२५ जानेवारी

लेख झाला. इतकं सलग मी आयुष्यात लिहिलेलं नाही. लिहिताना रडले, दोनदा. ओळखू येऊ नये म्हणून सगळं बदललंय. बुरशीच्या जागी पाण्यातलं शेवाळ, बाई पन्नाशीची, विद्यापीठ कुठलं ते नाही. गाईडचं बोलणं मात्र तसंच ठेवलं, त्याच्यावर हात फिरवला असता तर जीवच गेला असता.

वहिनीला विचारावं असं दोनदा मनात आलं. पण विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि मग मला लिहिता येणार नाही. 'अन्याय झालेल्या बाईची परवानगी घेत बसलो, तर एकही अन्याय उजेडात यायचा नाही.' हे वाक्य सुचलं आणि बरं वाटलं. पुढच्या लेखाला उपयोगी पडेल.

तळटिपा सात. सातवी लिहिताना थोडी थांबले. मुख्य गोष्टीलाच उगम नाही असं कसं चालेल? शेवटी लिहिलं: 'संशोधक स्त्रीशी प्रत्यक्ष संभाषण, मायक्रोस्कोप खोली, २३ जानेवारी, दुपारी २.४०.' नाव नाहीच. तारीख, जागा खोटी घालता आली असती, पण खोटा संदर्भ देणं माझ्याच्याने होणार नाही. तेवढी मी प्रामाणिक आहे.

टाकला.

२८ जानेवारी

अकराशे चाळीस वाचक. बाईंनी लेख वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाल्या, हिला माणूस सापडला. जिन्यात अनोळखी मुली थांबवून हात हातात घेत होत्या.

जेवताना मात्र सगळं बिनसलं. दादाने दोन दिवसांत तो लेख झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय, वर 'माझी धाकटी बहीण' असं लिहून. आज पाळी सकाळची होती म्हणून तो घरी होता, आणि हौसेने मोबाइल उघडून ताटावरच मोठ्याने वाचायला लागला. मी नको म्हणत होते, त्याला वाटलं लाजतेय. 'तुमच्यामागे मिळवता नवरा आहे' इथे आला आणि वहिनीचा हात ताटात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. दादाचं लक्ष नव्हतं. सगळा लेख वाचून तो म्हणाला, "नवरा बावळट असणार बघ. सहा-सहा वर्षं बायको काय करते, काय सोसते, याला पत्ता नाही."

वहिनी उठून ताट घेऊन आत गेली. मी मागून गेले. ती नळ सोडून उभी होती. म्हणाली, "काढ ते. आत्ता."

मी तिला समजावलं. कोणाला कळणार नाही, सगळं बदललंय, आणि आता काढलं तर खोटं होतं म्हणून काढलं असं म्हणतील. अकराशे लोकांनी वाचलंय वहिनी, हे आता फक्त तुझं राहिलेलं नाही. ती काही बोलली नाही. मला वाटलं पटलं असावं.

२ फेब्रुवारी

कळलं.

वहिनीच्या गाईडने लेख वाचला. तळटिपा कोण वाचतं असं आम्ही मुलं वर्गात म्हणायचो. तो वाचतो. सातवी तळटीप वाचून तो खाली मायक्रोस्कोपच्या खोलीत गेला आणि शिपाईकाकांकडून वही मागून घेतली. २३ जानेवारीला दुपारच्या त्या तासात तिथे सह्या दोनच. एक वहिनीची, एक माझी. आडनाव एकच.

हे मला शिपाईकाकांनी सांगितलं. आवाज खाली करून म्हणाले, "पोरी, तू तारीख कशाला घातलीस गं?" तिथल्या तिथे, जिन्यात बसून, मोबाइलवर लेख काढून टाकला. पाच दिवस आधी काढायला हवा होता. तिने सांगितलं तेव्हा.

घरी येऊन वहिनीच्या पाया पडायचंच बाकी होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एवढंच म्हणाली की गाईडने तिला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि काहीही बोलला नाही. त्या चहाची तिला भीती वाटतेय.

५ फेब्रुवारी

लेखाची चौकशी करायला विद्यापीठाने नेमलेल्या समितीचं पत्र घरी आलं, वहिनीच्या नावाने, आणि दाराशी ते दादाच्या हातात पडलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं, मग पहिल्यापासून परत वाचलं. मग खुर्चीत बसला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी ते सगळ्यांना पाठवलं."

मग तो वहिनीच्या खोलीत गेला. दार लागलं. आतून त्याचा रडण्याचा आवाज आला. तिचा नाही.

९ फेब्रुवारी

समितीसमोर गेले. लांब टेबल, तीन माणसं, दोन पुरुष आणि एक बाई. उगम कोण, असं विचारलं. मी ताठ बसून सांगितलं की उगमाचं रक्षण करणं हे माझं कर्तव्य आहे, नाव सांगणार नाही. वाक्य घरून पाठ करून गेले होते. समितीतल्या बाईंनी वहीच्या पानाची प्रत माझ्यापुढे सरकवली. कामाच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'चावी'. त्यांतले एक गृहस्थ गालातल्या गालात हसले.

मग त्यांनी दुसरा कागद दाखवला. वहिनीचा लेखी जबाब, तिच्या सहीचा. असं काही घडलेलं नाही. संशोधन गाईडच्या कल्पनेतून झालं, आपण मोजणीत मदत केली. नणंद विज्ञानाची विद्यार्थिनी नसल्यामुळे तिचा गैरसमज झाला.

मी म्हटलं, हे खोटं आहे. बाई म्हणाल्या, "मग तुमच्या वहिनी खोटं बोलतायत असं लिहून देता?"

मी लिहून दिलं नाही. मग त्यांनी मला जायला सांगितलं.

१० फेब्रुवारी

आज मी फार वाईट वागले, तरी लिहिते. वहिनीला म्हटलं, तू सही का केलीस? मी तिथे एकटी पडले. तुझ्यासाठी लढत होते आणि तूच मला खोटं पाडलंस. तुझ्यासारख्या बायका अशा माघार घेतात म्हणून ही माणसं माजतात.

ती डबा भरत होती. माझाच. झाकण लावून तो माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "तू मला वेळ विचारलीस, महिने विचारलेस, तो नेमकं काय म्हणाला ते तीन-तीनदा विचारलंस. लिहू का, एवढं तेवढं राहिलं."

डबा घेऊन गेले. विद्यापीठात तो उघडवला नाही आणि टाकवलाही नाही. तसाच परत आणला. तिने तो रिकामा करून धुतला.

१८ फेब्रुवारी

गाईड सही करत नाही.

नाही म्हणत नाही. आवाज चढवत नाही. उलट म्हणतो, तुमच्या कामावर बाहेर शंका घेतली गेली आहे, आता ते चोख असायला हवं, तुमच्याच भल्यासाठी. साठवणीचे तीनशे नमुने पुन्हा लावा, पुन्हा मोजा. बी साठवून मोजायला नऊ महिने लागतात. मुदत सहा आठवड्यांवर आली आहे.

जबाबावर सही दिली तर प्रबंधावर सही मिळेल, असं तिला सांगितलं होतं. गाईडने नाही, विभागातल्याच एका भल्या माणसाने, मध्ये पडून. म्हणून तिने ते खोटं लिहून दिलं. आता जबाब समितीच्या फायलीत आहे आणि प्रबंध आमच्या कपाटात.

हे दादाने मला सांगितलं. तो आता माझ्याशी बोलतो, पण दारात उभा राहून, आत येत नाही.

२४ फेब्रुवारी

मागच्या आठवड्यात संशोधनपद्धतीच्या बाईंकडे गेले होते. वाटलं होतं त्या काही करतील. त्यांना मनापासून वाईट वाटलं, पाणी दिलं. म्हणाल्या, तळटीप वर्गात वाचताना माझ्याही लक्षात आलं नाही गं, मला फक्त ती बरोबर वाटली. नियमाप्रमाणे होती. मग कुलसचिवांना पत्र लिहिते म्हणाल्या. लिहिलंही. आज उत्तर आलं की संबंधित संशोधिकेची स्वतःची काहीच तक्रार नाही, उलट लेखी जबाब आहे.

घरी आता मी भांडी घासते, केर काढते. वहिनी करू देते. काल मी तिला म्हटलं, बस ना, मी वाढते. ती बसली. पाच मिनिटं ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती, पाहुण्यांकडे बसतात तशी. मला रडू यायला लागलं म्हणून आत गेले. वन्सं म्हणून तिने मला किती दिवसांत चिडवलेलं नाही.

४ मार्च

गुण लागले. वीसपैकी वीस. काढून टाकलेल्या लेखाची प्रत बाईंकडे होती. मी त्यांना म्हटलं, शून्य द्या. त्या म्हणाल्या तसं करता येत नाही, गुण लेखनाला असतात. ब्लॉग बंद केला. अकराशे चाळीस जणांपैकी एकाने चौकशी केली, पुढचा भाग कधी म्हणून.

मी स्वतःशी भांडते. एक मन म्हणतं, गुन्हा त्याचा आहे, शोध त्याने चोरला, सही त्याने अडवली, मी काय केलं? फक्त खरं लिहिलं. ते सगळं बरोबर आहे आणि त्याने काडीचंही बरं वाटत नाही. मला वहिनी परत हवी आहे. ती इथेच आहे, पलीकडच्या खोलीत, इस्त्री करतेय, आणि मला ती हवी आहे.

१ एप्रिल

काल मुदत संपली. वहिनी रोजच्यासारखी उठली, अंघोळ केली, आणि बाहेर जायचे कपडे घालून बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. मग घरातले कपडे घातले. दादाने रजा टाकली होती. तिघांनी चहा घेतला. कपबशा मी उचलल्या.

तिला एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून बोलावणं आलंय. जाणार आहे.

६ एप्रिल

आज प्रयोगशाळेतलं तिचं टेबल रिकामं करायचं होतं. दादाची पाळी होती, म्हणून मी येऊ का म्हटलं. ती चल म्हणाली. इतक्या दिवसांत ती मला पहिल्यांदा चल म्हणाली. आम्ही तीन खोकी भरून आणली. दुपारभर जमिनीवर बसून कागद निवडले. ठेवायचे एकीकडे, रद्दीचे एकीकडे. मोजणीचे तक्ते, शेकडो, तिच्या बारीक अक्षरातले. ते तिने रद्दीत टाकले. मी एक उचलून परत ठेवायच्या गठ्ठ्यात सरकवला, तिने पाहिलं आणि राहू दिला. मध्येच एका तक्त्यावर चहाचा डाग निघाला, त्याची कायशी गंमत सांगताना ती थोडी हसलीसुद्धा. मला वाटलं, होईल. हळूहळू होईल सगळं नीट.

तिसऱ्या खोक्याच्या तळाशी एक पाकीट होतं. मी विचारलं, हे कुठे? ती पलीकडे सुतळी शोधत होती, तिने पाहिलं नाही. मी उघडलं.

अकरा पानं, टाइप केलेली. कुलगुरूंना उद्देशून तक्रार. पहिल्या मसुद्याची तारीख मागच्या वर्षीच्या मार्चमधली, शेवटची भर या जानेवारीतली. सगळं होतं त्यात. कोणता तक्ता कोणत्या दिवशी कोणाला दिला, कोणता परिच्छेद तिच्या कोणत्या वहीतून उचलला, गाईडची वाक्यं तारखांसकट. आणि ती एकटी नव्हती. तिच्या आधी त्याच गाईडकडे असलेल्या दोघी जणी, दोघींचे शोधनिबंध तसेच गेलेले, दोघींची खाली सही होती. तिसऱ्या सहीची जागा मोकळी. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की माझी पदवी मला मिळालेली असल्यामुळे आता माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि म्हणून आम्ही तिघी ही तक्रार आज दाखल करत आहोत. तारखेची जागाही मोकळी.

मी वाचत असताना ती सुतळी घेऊन आली. पानं माझ्या हातात बघून थांबली. मग बाजूला बसली आणि खोकं बांधायला लागली.

त्या दोघींना काय सांगितलंस, मी विचारलं. ती म्हणाली, आपणच असं घडलं नाही म्हणून सही करून दिल्यावर त्यांना काय सांगणार? त्यांनी फोन केला होता. तिने उचलला नाही.

मी म्हटलं, "वहिनी, मला का नाही सांगितलंस? तेव्हाच, त्या खोलीत? एवढं सगळं तयार होतं. मी थांबले असते."

तिने गाठ मारली, दाताने सुतळीचं टोक तोडलं. आवाजात राग नव्हता, नेहमीचाच होता.

"सांगितलं असतं तर तू तेही लिहिलं असतंस."

मग तिने हात पुढे केला आणि ती अकरा पानं माझ्याकडून परत मागून घेतली.